नवरात्रातला घट आणि कुंडीतली भाजी

नवरात्रात आपल्याकडे घरोघर घट बसतात. वावरातली काळी माती आणून ती पत्रावळीवर किंवा टोपलीत पसरतात. तिच्यात ज्वारी, गहू, करडई असे धान पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घरातली बाई रोज त्या घटात थोडे पाणी घालते. चार दिवसांत कोंब वर येतात, आणि दसऱ्याला गडीमाणसे ते धान टोपीत, पागोट्यात खोवून सीमोल्लंघनाला निघतात.

आता एक साधा प्रश्न विचारतो. बाई पाणी घालते ते घटात, आणि धान उगवते ते घटाबाहेरच्या मातीत. मग हे पाणी बाहेर गेले कसे? उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. घट पाझरतो. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. बाहेरची माती कोरडी असली की ती या छिद्रांतून पाणी ओढून घेते. ती पुरेशी ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. म्हणजे तहान लागेल तेव्हा पाणी, आणि तहान भागली की पाणी बंद. मोटर नाही, नळी नाही, वीज नाही. कुंभाराच्या भट्टीतून निघालेले एक साधे मडके हे सारे काम करते.

नऊ दिवस आपण ज्या घटाची पूजा करतो, तोच घट उरलेले वर्षभर आपल्याला भाजी देऊ शकतो. कसा, ते आज पाहू.

धरण उशाला

उदाहरणासाठी आपल्या बीड जिल्ह्यातले पाली हे गाव घेऊ. बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की वाटेत पाली लागते. एका बाजूला बालाघाटचे डोंगर, जवळच बिंदुसरा नदीवरचे धरण. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, या गावाला पाण्याची काय ददात असणार? पण धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण उगाच पडलेली नाही. धरणात पाणी असणे वेगळे आणि अंगणात पाणी असणे वेगळे. शिवाय दुष्काळी वर्षांत धरणही तळ दाखवते. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच, लहरीप्रमाणे पडणारा. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची वर्षे तरुणांनीही पाहिली. शेजारच्या लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

अशा मुलखात कुणी उठून म्हणाले, 'अंगणात कुंड्या मांडा, भाजी लावा,' तर घरची माउली विचारील, 'आणि पाणी काय तुम्ही आणून देणार?' तिचे म्हणणे रास्त आहे. कारण हंडा येतो तो बहुधा तिच्याच डोक्यावरून, नाही तर शाळकरी पोरीच्या कमरेवरून. म्हणून या बागेचा पहिला नियम असा: बागेसाठी घरात एकही जादा हंडा यायचा नाही. घरात एकदा वापरून झालेल्या पाण्यात जेवढे बसेल तेवढेच लावायचे. हा नियम ज्याला पाळता येणार नाही त्याने कुंड्या मांडू नयेत.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या जेवणाकडे पाहा. भाकरी असते, पिठले असते, वरण असते. मार्च सरला की पालेभाजी मात्र ताटातून नाहीशी होते. बाजारात असते, पण महाग आणि सुकलेली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि पालेभाजीने सारे बरे होते असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या त्या गोळ्याच. पण हिरवी भाजी आणि त्यावर पिळलेले लिंबू यांचा आधार रोजच्या ताटात असलाच पाहिजे. त्यात आपल्या जिल्ह्यातली हजारो घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाच्या तोंडावर परततात. मागे आजी-आजोबा आणि शाळेतली मुले राहतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याच्याने होईल अशी ही बाग आहे.

पाणी जाते कुठे?

आता थोडे गणित करू. गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पसरट भांड्यातले पाणी दिवसाला साधारण एक सेंटीमीटर उतरते, कधी त्याहूनही जास्त. पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा घ्या. त्याचे तोंड साधारण २३ सेंटीमीटर लांब आणि तेवढेच रुंद. २३ गुणिले २३ म्हणजे ५२९ चौरस सेंटीमीटर. त्यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ५२९ घनसेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. डब्यातली माती वरून सतत ओली ठेवली, तर जवळजवळ एवढे पाणी एका दिवसात नुसते उन्हाला जाते. असे दहा डबे असले तर दिवसाला पाच लिटर आणि महिन्याला दीडशे लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर दहा हंडे! रोपाने प्यालेले पाणी यात धरलेलेच नाही. ते वेगळे. त्या पाण्याचे आपल्याला दुःख नाही, कारण त्याची भाजी होते. दुःख आहे ते या दहा हंड्यांचे.

म्हणून कोरड्या मुलखातल्या कुंडीचा खरा प्रश्न 'पाणी किती घालावे' हा नाही. 'घातलेले पाणी उडू कसे द्यायचे नाही' हा आहे.

पाण्याला ऊन लागू द्यायचे नाही, ही शहाणीव आपल्या भागाला नवी नाही. बीडच्या दक्षिणेला निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर आहे. तिचे पाणी भुयारी मार्गाने, जमिनीखालून शेतांकडे नेलेले आहे. बांधणाऱ्याने पाणी झाकून नेले. आपणही कुंडीत तेच करायचे, फक्त लहान प्रमाणावर.

मडके आत, डबा बाहेर

पुष्कळ जण मातीची कुंडी आणतात आणि उन्हाळ्यात ती रोज वाळते म्हणून हैराण होतात. यात नवल काही नाही. माठाला घाम सुटतो म्हणून माठातले पाणी गार होते. मातीच्या कुंडीलाही तसाच घाम सुटतो. तिची मुळे गार राहतात, पण पाणी चहूबाजूंनी उडून जाते. उलट पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची बादली पाणी धरून ठेवते, पण उन्हात तापते आणि मुळे शिजवते.

तेव्हा दोघांचे गुण एकत्र करावे. न पाझरणारे भांडे बाहेर आणि पाझरणारे मडके आत. म्हणजे मडक्याचा घाम हवेत न जाता मातीत जातो. नवरात्रातल्या घटाचेच हे रूप. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथात मातीचे भांडे जमिनीत पुरून त्याच्याभोवती वेल लावण्याची रीत सांगितलेली आहे. आपल्या देशात हरियाणातल्या कर्नाल येथील मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात मडक्यांवर भाजीपाला घेण्याचे प्रयोग झाले.

आता कृती सांगतो. खताची किंवा सिमेंटची रिकामी गोणी घ्यावी. स्वच्छ धुऊन, तोंड बाहेरून दुमडून ती हातभर उंचीची करावी. बुडाशी चार-पाच भोके पाडावीत. जुना डबा, फुटकी बादली, चिरलेले घमेले हेही चालेल. मात्र फवारणीच्या औषधाचा डबा किंवा कॅन कितीही धुतला तरी वापरू नये. ही गोष्ट मी बजावून सांगतो.

भोकांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. माती भरताना एक काळजी घ्यावी. आपली काळी माती वावरात सोन्यासारखी असली तरी नुसती भांड्यात भरली तर ओली असताना चिकटून बसते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक टोपले काळी माती किंवा तलावातला गाळ, एक टोपले जाडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक टोपले चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कच्चे शेण घालू नये. ते तापते आणि हुमणीही आणते.

अर्धी गोणी भरली की मधोमध दोन-तीन लिटरचे मडके ठेवून सभोवती माती भरावी. मडक्याचे तोंड दोन बोटे वर राहू द्यावे. तोंडावर पसरट खापर किंवा जुनी ताटली झाकावी. झाकणाने पाणी उडत नाही, आणि डासांना अंडी घालायला जागा राहत नाही. उघडे ठेवाल तर भाजी होईल आणि डेंग्यूही होईल.

डबा लहान असेल तर लहान मडके. संक्रांतीला पुजलेली सुगडे घरात पडूनच असतात. अक्षय तृतीयेचा करा असतो. हीच भांडी डब्यात बसवावीत. त्यांवर रंग किंवा चकाकी नसावी, एवढे पाहावे, कारण रंगाने छिद्रे बुजतात. परीक्षा सोपी आहे. मडके पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागले तर ते कामाचे. ज्या जुन्या माठात पाणी गार होत नाही त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. तसा माठ इथेही उपयोगाचा नाही. काथ्याने घासून, उन्हात वाळवून पुन्हा परीक्षा पाहावी.

रोपे मडक्यापासून चार बोटांवर लावावीत. पाझर फार दूर जात नाही. पहिले आठ-दहा दिवस वरूनही थोडे पाणी द्यावे. मुळे मडक्यापर्यंत पोचली की वरचे पाणी बंद करावे. मडके निम्मे रिकामे झाले की भरावे. किती दिवसांनी भरावे लागते, ते ऊन आणि रोप सांगते. पालेभाजीचे बारीक बी मात्र वरच्या ओलीवरच उगवते. तेव्हा उगवण होईपर्यंत त्यावर ओले पोते झाकून ठेवावे, आणि कोंब दिसताच काढावे.

मातीचा उघडा भाग कधी उघडा ठेवू नये. उसाचे पाचट, कडब्याची कुट्टी, सोयाबीनचा भुसा, वाळलेला पाला, जे असेल ते तीन बोटे जाड पसरावे. माणूस उन्हात डोक्याला रुमाल बांधतो ना, तसेच हे. पुढे तेच कुजून खत होते.

जागेचेही तसेच. घराच्या पूर्वेच्या भिंतीला कुंड्या मांडाव्यात. सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळते आणि दुपारी भिंतीचीच सावली पडते. तशी जागा नसेल तर पश्चिमेच्या बाजूला तुरीच्या तुराट्यांची किंवा पऱ्हाटीची ताटी उभी करावी. डबे सुटे न ठेवता एकमेकांना चिकटून ठेवावेत, आणि बाहेरच्या रांगेला जुने पोते गुंडाळावे. सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्याजवळ मे महिन्यात काहीही ठेवू नये.

कोणते पाणी, कोणती भाजी?

भाज्या, तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी सगळ्यांत चांगले. ते सरळ मडक्यात न घालता वरून मातीला द्यावे, नाही तर त्यातल्या पिठाने छिद्रे बुजतात. मडक्यात घालायचे ते माठ-रांजण धुतानाचे, शिळे म्हणून ओतून देण्याचे स्वच्छ पाणी. साबणाचे पाणी पालेभाजीला अजिबात नको. आंघोळीचे फारच झाले तर कढीपत्ता किंवा फुलझाडाला, तेही आलटून पालटून. गावात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल तर त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी फुकट मिळते म्हणून कुणी कुंडीला घालतात. तसे करू नये. त्यात क्षार दाटलेले असतात. बोअरच्या जड पाण्यानेही हळूहळू मातीवर पांढरी खपली येते. ती खरवडून काढावी आणि पहिल्या चांगल्या पावसात झाकणे, पाचट काढून कुंड्या उघड्यावर धुऊन निघू द्याव्यात.

दुपारी पाने मलूल दिसली की लगेच तांब्या उचलू नये. उन्हाच्या तिरिपीत पाने मान टाकतात आणि सांजेला पुन्हा ताठ होतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. पाणी द्यायचे ते सांजेला किंवा दिवस उगवायच्या आत.

आता भाज्या. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी. गोणीत दोन झाडे पुरेत. दिवाळीच्या आसपास मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, आणि एखादे वांगे-टोमॅटो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी जाण्याआधी हे लावून द्यावे, म्हणजे मागे राहणाऱ्यांना हिवाळाभर आधार होतो. फेब्रुवारी संपला की मेथी-पालकाचा हट्ट सोडावा. ऊन सोसणारा तांदुळजा, राजगिरा, अंबाडी आणि घोळ लावावा. तांदुळजा महिन्याभरात खुडायला येतो आणि शेंडे खुडत राहिले तर पुन्हा फुटतो. मिरचीची दोन झाडे असावीतच. पुदिना रांजणाच्या पायथ्याशी ठेवावा. रांजणाच्या गळतीवर तो आनंदाने राहतो. पालेभाजीला वीतभर खोल माती पुरते, पण मिरची, वांगे, टोमॅटो यांना हातभर हवी.

मावा, तुडतुडे आले तर घरचेच औषध आहे. निंबोळ्या आपल्याकडे ढिगाने पडतात. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी गाळून सांजवेळी फवाराव्यात.

गुरुजींसाठी एक प्रयोग

गुरुजनहो, आता थोडे तुमच्याशी. शाळांमध्ये पोषण बागा कराव्यात यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पण पाण्याची टंचाई असलेल्या शाळेत ती बाग पहिल्या उन्हात करपते आणि मुलांच्या मनावर ठसते ते एवढेच, की आपल्याकडे काही होत नाही. त्यापेक्षा तीन सारखे डबे घ्या. तिन्हींत एकच माती आणि एकाच मिरचीची तीन रोपे. पहिला डबा उघडा, दुसऱ्यावर पाचट, तिसऱ्यात पाचटही आणि मधे सुगडही. मुलांनी रोज मापाने पाणी द्यायचे आणि वहीत लिहायचे. महिन्याअखेर तिन्ही बेरजा फळ्यावर मांडा. कोणता डबा किती प्याला आणि कोणते रोप कसे आहे, हे मुलेच सांगतील. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने महाराष्ट्रातल्या साध्या शेतकऱ्यांना हीच दृष्टी दिली: आपल्या जागेवर करून पाहा, मोजा, लिहून ठेवा आणि दुसऱ्याला सांगा. तीन डब्यांची शाळाही प्रयोगशाळा होऊ शकते. उन्हाळी सुट्टी लागताना डबे मुलांच्या घरी द्या. शाळेच्या कुलपाआड ठेवू नका.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दहा डब्यांवर घर चालत नाही, बाजार बंद होत नाही. आठवड्यातून एक-दोन वेळा पालेभाजी, रोजची चार मिरच्या-कोथिंबीर, एवढेच यातून मिळेल. आणि टँकर सुरू झाला, माणशी पाणी मोजून मिळू लागले, तर आठ डबे खुशाल वाळू द्यावेत. मिरचीचा एक आणि तांदुळजाचा एक असे दोन राखावेत, बी धरावे. पावसाळा पुन्हा येतो. भाजीसाठी पोरीची शाळा बुडवून तिला विहिरीवर धाडले, तर ती बाग नव्हे.

पण उष्टे-खरकटे नसलेले, मोरीतून वाहून जाणारे पाणी जर एका मडक्यात थांबले, आणि त्या मडक्याभोवती चार हिरवी रोपे उभी राहिली, तर तेवढी भाजी फुकटची आहे. यंदा दसऱ्याला घट उठवाल तेव्हा तो अडगळीत टाकू नका. एका गोणीत बसवा. त्यात पाणी भरा आणि भोवती मेथी पेरा. महिन्याने पहिली जुडी निघाली की शेजारणीलाही दाखवा.